चौकटीवरचा खडू

१९५८ साली जर्मनीत रेगेन्सबर्गला मी फ्राऊ हुबरांकडे खोली घेऊन राहत होतो. त्यांच्या दाराच्या चौकटीवर खडूनं काही अक्षरं, क्रूस आणि १९४३ हा आकडा लिहिलेला होता, त्यातला तीन तिरका. मला वाटलं, मुलांनी काहीतरी खरडलंय. मला नको तिथे टापटीप सुचते. नाताळच्या आधी म्हातारीला तेवढीच मदत म्हणून स्टुलावर चढून मी ते ओल्या फडक्यानं पुसून टाकलं.

त्या चर्चमधून आल्या, वर बघितलं आणि ओव्हरकोटासकट खुर्चीत बसल्या.

"घराला आशीर्वाद म्हणून दर जानेवारीत तसं लिहितात, हेर दामले. हे माझ्या नवऱ्यानं, आलोइसनं लिहिलं होतं. मग तो रशियात लढायला गेला, तो परत आलाच नाही. त्यानंतर मी कुणाला लिहू दिलं नाही."

"मी पुन्हा लिहून देतो."

"तुमचं अक्षर वेगळं," त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या जेवल्या नाहीत. भिंतीवरच्या क्रूसापुढे गुडघे टेकून बसल्या. मी खोलीत जाऊन आतून कडी लावली.

सकाळी कडी काढायला हात उचलला आणि तसाच राहिलो. माझ्या दाराला, आतल्या बाजूनं, तीच अक्षरं होती. तोच तिरका तीनचा आकडा. खडूची पूड अजून खाली गळत होती.

बाहेर फ्राऊ हुबरांची पावलं थांबली.

"हेर दामले," त्या हळूच म्हणाल्या, "त्याला जरा थांबायला सांगा. मी केस विंचरून येते."