ओढ्याअलीकडे

श्रीपतरावांनी होकायंत्र काळ्या खडकावर ठेवलं आणि सुई उत्तर सोडून पूर्वेला जाऊन थांबली. त्यांनी ते हातभर सरकवलं. सुई आणखीच भलतीकडे वळली.

"हा दगड निकामी," ते वहीत काट मारत म्हणाले. ते हैदराबादेहून मंठाळच्या माळावरचे खडक तपासायला आले होते. माळ मल्लव्वाचा, म्हणून ती सोबत होती. शेजारचे चन्नबसप्पाकाका घण घेऊन उभे होते.

"दगडाची बी कुंडली मांडायलेत सायेब," काका हसले.

"निकामी कामून?" मल्लव्वानं विचारलं. "काल तर तुमीच सांगितलं, पृथ्वीच्या पोटात लोखंडाचा रस घुसळायलाय, त्याच्या ओढीनं सुई उत्तरंला जातीय."

"बरोबर. हा खडक थिजला तेव्हाची ओढ त्यानं धरून ठेवली. त्या काळी सुई दक्षिणेलाही गेली असती, असं काही खडक सांगतात. लाखो वर्षं ते टिकतं. पण वीज पडली की क्षणात पुसलं जातं. इथं वीज पडलीय, बाई."

काका हसायचे थांबले.

चौपन्न सालच्या मिरगात मल्लव्वाच्या वडिलांवर, अप्पांवर, वीज पडली. त्यांना उचलून आणलं काकांनीच. 'ओढ्याच्या पार पल्याड पडले व्हते,' ते म्हणाले होते. 'हाक मारली असती तरी तुला ऐकू आली नसती.' ती तेव्हा पावसामुळं दार लावून घरात होती. वर्षभर ती या एका वाक्याच्या आधारानं झोपत आली होती.

ओढा अजून बराच पुढं होता.

"काका?"

काकांनी घण खाली टेकवला. "आता दगूडच बोलायलाय, तर म्या किती झाकू, पोरी? इथंच व्हते. म्या आलो तवा जीव व्हता."

श्रीपतराव पुढच्या खडकाकडे निघाले होते. काकाही मान खाली घालून त्यांच्या मागं गेले.

मल्लव्वा खडकावर टेकली. उतारावर तिचं घर दिसत होतं. दाराला कुलूप होतं. तिच्याशिवाय ते उघडणारं आता कोणी नव्हतं.

तिनं घराकडे तोंड केलं आणि अप्पा मारायचे तशी स्वतःच्याच नावानं हाक मारली. फार मोठ्यानं नाही. पडलेल्या माणसाला जमेल तेवढीच.

अंगणात बांधलेल्या म्हशीनं मान वर केली.