भेटीचे गाऊन

आजींचा गुडघा बदलला होता. नव्या सांध्यात जंतू शिरले तर सगळ्यावर पाणी फिरायचं, म्हणून भेटायला येणाऱ्याने धुतलेला गाऊन घालायचा आणि जाताना बादलीत टाकायचा, असा सिस्टरचा दंडकच होता. ती रोज आजींच्या उशाशी दोन गाऊन ठेवून जायची. संध्याकाळी ते बादलीत चुरगळून पडलेले असायचे.

"आले होते वाटतं मुलगा-सून?"

"आत्ताच गेले. थोडक्यात चुकलीस बघ!"

चौथ्या संध्याकाळी बादली रिकामी करताना सिस्टरचा हात गाऊनच्या नाड्यांवर थबकला. घडी घालताना तिनेच मारलेल्या गाठी अजून तशाच होत्या.

तिने गाऊन पिशवीत कोंबले.

"आजी, उद्या रविवार. तीन ठेवते. नातही येईल ना?"

"येईल तर! तिला जरा लहान मापाचा ठेव हं."