संपलेला सोनटोप्या

“ती किरकिर कसली येतेय, बाबा?” सुनेने विचारलं.

“कसली किरकिर?” सासरे दुर्बीण डोळ्यांवरून न काढताच म्हणाले.

पाणीपुरवठा केंद्राच्या मागच्या कुंपणाशी दोघं उभी होती. रविवारची सकाळ, हाडं गोठवणारी थंडी. नवऱ्याने ‘डोकं दुखतंय’ म्हणून कूस बदलली आणि गुडघा दुखणाऱ्या सासऱ्यांना गाडीने इथवर आणायचं काम हिच्या गळ्यात पडलं. पक्ष्यांतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. कावळा नाही, चिमणी नाही, म्हणजे मग दुसरं काहीतरी, एवढीच तिची विद्या.

सासऱ्यांचं तसं नव्हतं. हिवाळ्यात कुठला दुर्मीळ पाहुणा उतरलाय आणि तो नेमका कुठे बघायचा, हे पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर तेच टाकत. सगळ्यांच्या खबरा आधी त्यांच्याकडे येत. ते हो म्हणाले तर पक्षी आला, नाही म्हणाले तर नाही आला. ग्रुपवरची पोरं त्यांना ‘कोर्ट’ म्हणत. अर्थात पाठीमागे.

आणि काल वाचनालयात काम करणाऱ्या एका मुलीने कळवलं होतं, की इथे सोनटोप्या आहे. अंगठ्याएवढा पक्षी, पानांत पान होऊन बसणारा, डोक्यावर पिवळी रेघ. ‘दिसला नाही, पण ऐकला,’ असं तिने लिहिलं होतं. कोर्टाने नाक मुरडलं. सोनटोप्या आपल्या भागातून संपला, हे त्यांनीच पाच-सहा हिवाळ्यांपूर्वी जाहीर केलं होतं. उगाच नाही केलं. त्याच्या सगळ्या जुन्या जागी ते तासन्‌तास कान लावून उभे राहत आणि नुसती शांतता ऐकून घरी येत. ते वाक्य लिहिलं त्या दिवशी ते जेवले नव्हते. झाकून ठेवलेलं ताट सुनेला अजून आठवत होतं.

“कान आहेत की भोपळे त्या पोरीचे,” सासरे म्हणाले. “कुठे आहे आवाज? मघापासून उभे आहोत, चिटपाखरू नाही. घरी गेल्यावर तसं लिहूनच टाकतो.”

किरकिर चालूच होती. बारीक, टोकदार, थांबून थांबून. सून दातांच्या दवाखान्यात कामाला होती. पलीकडच्या खोलीत कुणाच्या तरी दाढेवर यंत्र चालावं तसा तो आवाज होता. आधी तिला वाटलं, पंपाचं काहीतरी असेल. मग ती डावीकडच्या झुडपाकडे दोन पावलं सरकली, तर आवाज वाढला.

तिला एकदम घरचं आठवलं. घरी मायक्रोवेव्ह ओरडून ओरडून थकायचा आणि सासरे शेजारीच पेपर वाचत बसलेले असायचे. ‘बाबा वाचनात बुडालेत,’ म्हणून सगळे हसायचे. बोललेलं त्यांना नीट ऐकू यायचं, असले बारीक टोकदार आवाज तेवढे निसटत होते.

आता गप्प बसावं, तर आज हे त्या मुलीला चारचौघांत खोटं पाडणार. आणि बोलावं, तर ज्याने जन्मभर कानांच्या जोरावर नाव कमावलं, त्याला हे सांगायचं कसं? तेही सुनेने?

“बाबा,” ती म्हणाली, “मला ऐकू येतंय.”

सासऱ्यांनी दुर्बीण खाली केली.

“आत्ताही येतंय. त्या झुडपातून.”

ते तिच्या बोटाच्या रोखाने पाहत राहिले. फांदी हलली आणि एक पान सुटं होऊन बाहेर आलं. डोक्यावर पिवळी रेघ. चोच उघडली, गळ्याची पिसं थरथरली, चोच मिटली. पुन्हा उघडली.

“आत्ता ओरडतोय?” त्यांनी हळूच विचारलं.

“हो.”

“आणि आत्ता?”

“हो, बाबा. चांगला जोरात.”

सासरे कुंपणाच्या कठड्यावर बसले. झालं, आता हे खचणार, असं मनात म्हणत ती त्यांच्या पाठीवर हात ठेवायला वाकली, तर म्हातारा हसत होता. डोळ्यांत पाणी, आणि हसू काही आवरत नव्हतं.

“म्हणजे येत होता,” ते म्हणाले. “अगं, दर वर्षी येत होता तो. माझ्या नाकासमोर बसून गात होता, आणि मी गावभर सांगत सुटलो की तो संपला. कान गेलेत होय माझे! जाऊ देत की. मला वाटलं, पक्षी गेला.”

त्यांनी खिशातून फोन काढून तिच्या हातात दिला. ते सांगत गेले, ती लिहीत गेली. सोनटोप्या, पाणीपुरवठा केंद्राची मागची बाजू, डावीकडची झुडपं. वाचनालयातल्या मुलीची खबर खरी. कोर्टाचा निकाल चुकला.

“तुम्हाला माहितेय, तुम्हाला कोर्ट म्हणतात ते?”

“मागून बोललेलं बरोबर ऐकू येतं मला.”

थंडीने सुनेच्या पायांची बोटं आता तिची राहिली नव्हती. “निघायचं ना घरी?” तिने विचारलं.

“घरी?” गुडघा दुखत असलेला माणूस एव्हाना गाडीपाशी पोचलासुद्धा होता. “बंद गिरणीच्या आवारात एक वटवट्या यायचा, टोळासारखा चिरचिरणारा. पुलाजवळच्या झाडांवर ती राखाडी, खोडावर चढणारी चिमणीएवढी. आणि जुन्या दगडखाणीजवळ...”

“पण बाबा, ते सगळे तर संपलेत ना? तुम्हीच म्हणाला होतात.”

“तेच तर सांगतोय. तिघांनाही मीच मारून ठेवलंय,” सासरे दार उघडत म्हणाले. “चल, काढ गाडी. आणि तुझ्या बाजूची काच खाली ठेव.”