आयस

“काका, परत एकदा म्हणा.” हर्षालीनं रेकॉर्डिंगसाठी फोन पुढं सरकवला.

“मां आयस,” टेकचंदशेठ म्हणाले. म्हणजे, मी आले.

आलो नव्हे, आले. सत्तरी ओलांडलेला, मिशा राखणारा हा माणूस सिंधी बोलू लागला की स्वतःला बाई करून टाकायचा. पुरुषानं ‘आयुस’ म्हणायचं असतं, हे हर्षाली पुस्तकातून शिकली होती. पण शेठांची बोली सिंधमधल्या कुठल्याशा खेड्यातली. तिच्यात ‘मी’ला स्त्री-पुरुष भेदच उरला नाही, असं तिनं प्रबंधात लिहूनही टाकलं होतं. गाईड बेहद्द खूश होते.

उमरग्यात हायवेला शेठांचं ताडपत्रीचं दुकान. ट्रकवाल्यांशी ते दिवसभर अस्सल इथली मराठी बोलत, आणि तिच्यात ‘आलो, गेलो’ अगदी चोख. सिंधी बोलणारं दुसरं घर गावात नव्हतं. तीन वर्षांपूर्वी आई वारली आणि ती भाषा बोलायला माणूसच राहिलं नाही. फार एकटे पडले होते बिचारे. बुधवारी हर्षाली यायची म्हणून ते मंगळवारीच दाढी करून घेत.

आज तिनं सहज विचारलं, तुमच्या वडलांनी ‘मी आलो’ कसं म्हटलं असतं? शेठांना सांगता येईना. ते पाळण्यात असतानाच वडील गेले होते. पुढं घरात दोघंच, ते आणि आई.

हर्षालीचा चेहरा उतरला. ही बोलीची रीत नव्हती. आईचं ऐकून शिकलेल्या एका मुलाची चूक होती, सत्तर वर्षं तिच्याशिवाय कुणाच्या कानावर न पडलेली. तरी तिनं तोडगा काढला. ‘आयुस’ म्हणायची सवय करा, सगळं पहिल्यापासून पुन्हा रेकॉर्ड करू, मी दर बुधवारी येत राहीन. नाहीतर मला दुसरं माणूस शोधावं लागेल.

शेठांनी तोंड उघडलं. शब्द ओठांपर्यंत आला आणि तिथंच अडला.

“न्हाय जमायचं,” ते म्हणाले.

आईनं कधीच दुरुस्त कसं केलं नाही, हर्षालीनं जरा चिडूनच विचारलं.

“तिला कळत न्हवतं व्हय?” शेठ हळू आवाजात म्हणाले. “पण पोरी, एवढ्या मुलखात तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारी एक बाई न्हवती.”