आतली बाजू कोरी

बाहेरची बाजू

"हात धुऊन आलात का?" आईने विचारलं.

मुलीने दोन्ही तळवे उलटसुलट करून दाखवले. अजून ओले होते.

"पुसा आधी. एक थेंब पडला तर माझी दुपार पाण्यात. बसा. कार्ड कुणासाठी हवंय?"

"आई, अगं मी आहे."

"तुम्हीच आहात, दिसतंय मला. कार्ड कुणासाठी?"

आईला सांभाळणाऱ्या मावशी दारात टॉवेल झटकत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "ताई, मुकाट्याने गिऱ्हाईक व्हा. नाहीतर पुन्हा शिक्क्यांना हात लावायच्या नाहीत. परवा मलाच हाकललं. म्हणाल्या, पाय न पुसता कुठे घुसता?"

मुलगी खुर्ची ओढून बसली. "माझ्यासाठी हवंय. माझ्या आईकडून."

"म्हणजे आईने तुम्हालाच पिटाळलं? स्वतःचं कार्ड स्वतःच न्यायला?" आई खळखळून हसली. "कमाल आहे बाई तुमच्या आईची."

मुलीला एक ओळ हवी होती. आईच्या अक्षरात, कार्डाच्या आत. मावशींनी फोनवर सांगितलं होतं, "अक्षर अजून आहे त्यांना. पण रोज थोडं गळतंय. यायचं तर लवकर या."

आईने जाड कागद घेतला. रबरी शिक्का शाईच्या गादीवर टेकवला. आधी पाकळ्यांचा फिकट आकार. त्यावर गडद सावलीचा दुसरा शिक्का. त्यावर बारीक शिरांचा तिसरा. एकावर एक, केसाचाही फरक नाही. न्हाणीघर कुठल्या बाजूला हे विसरलेली बाई शिक्का टेकवताना श्वास रोखायला विसरली नाही. ओल्या ठशावर तिने सोनेरी पूड पेरली, जास्तीची टिचकी मारून बाटलीत परत घातली आणि कागद गरम हवेच्या यंत्राखाली धरला. पूड वितळली. फुलाला सोन्याची कड आली. मग चिमट्याने मणी. मग रेशमी फीत. चिमट्यात हात थरथरला नाही. चहाचा कप धरताना थरथरायचा.

घडी

आईने पट्टी लावून बोथट सुरीने रेघ ओढली.

"घाईत मोडलेली घडी आणि घाईत जमवलेलं लग्न, दोन्हीच्या कडा जुळत नाहीत. तुमचं झालंय लग्न?"

"झालंय. तू..." मुलगी थांबली. मावशींनी टॉवेल झटकणं थांबवलं.

"तुम्ही आला होतात," मुलगी म्हणाली.

"असेन. लग्नाची कामं खूप असतात."

मागची बाजू

खाली कोपऱ्यात, नखाएवढी चिमणी. तिचा शिक्का आईने शेवटी मारला. तो तिच्या प्रत्येक कार्डामागे असे. लहानपणी दर वाढदिवसाला मुलीच्या उशाशी असंच कार्ड असायचं. मागे चिमणी. आत काही नाही.

आतली बाजू

आईने कार्ड उघडून मुलीसमोर ठेवलं. पांढरं स्वच्छ.

"घ्या. आतली बाजू कोरी ठेवलीय."

मुलीने पर्समधून पेन काढलं. टोपण उघडून आईच्या बोटांत दिलं. बोटांनी ते नीट धरलंही.

"एक ओळ लिहा ना."

"आतलं आम्ही लिहीत नाही."

"काहीही लिहा. नुसतं 'आई' लिहिलंत तरी चालेल."

"वा गं वा!" आईने पेन टेबलावर ठेवलं. "आई तुमची आणि अक्षर माझं? लबाडी होते ती. दुसऱ्याच्या माणसाचं आपण लिहू नये. माझ्या घरच्यांनासुद्धा कोरंच देते मी."

"का?"

आईला हा प्रश्न कधी कुणी विचारला नसावा. तिने कोऱ्या पानावरून तळहात फिरवला.

"फूल चुकलं तर दुसरं छापता येतं," ती म्हणाली. "आतलं चुकलं तर काय करायचं?"

मुलीने कार्डावर डोकं टेकवलं नाही, इतकंच. कार्ड ओलं झालं असतं.

"भांडलात का आईशी?" आईचा आवाज उतरला. "रडू नका हो. घेऊन जा, तिच्या हातात द्या. लिहील ती. आईला सुचतं."

"नाही लिहिलं तर?"

"तर राहू द्या तसंच मिटून." आईने कार्ड मिटलं, अंगठ्याच्या नखाने घडी पुन्हा एकदा दाबली. "आत धूळ जात नाही."

तिने शिक्के ओल्या फडक्याने पुसले, गाद्यांची झाकणं लावली, पुन्हा उघडली. नवा कागद समोर ओढला.

"मावशी, पुढचं कोण आहे? पाठवा आत."

मावशींनी मुलीकडे पाहिलं. बाहेर कुणी नव्हतं.

मुलीने कार्ड पर्समध्ये ठेवलं. सकाळपासूनच्या आणखी दोन कोऱ्या कार्डांशेजारी. मग ती उठली, बेसिनपाशी गेली आणि पुन्हा हात धुऊ लागली.