पडद्यावर नुसतं घड्याळ

तिन्ही कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यांवर नुसतं घड्याळ दिसत होतं. साडेदहा वाजले होते, आणि अकराला मुख्याध्यापिका येणार होत्या. शाळेचं वर्षभराचं छपाईचं काम द्यायचं की नाही, हे त्या दुकान पाहूनच ठरवणार होत्या.

"काल संध्याकाळपर्यंत तर सगळं ठणठणीत होतं," छपाईवाले म्हणाले. संध्याकाळनंतर हौसेने ते घड्याळ आपणच बसवलं, हे सांगायला मात्र त्यांची जीभ रेटेना.

बायको मागच्या टेबलावर वह्या शिवत होती. "मी बघू का?"

"राहू दे. यातलं तुला काय कळणार? माझ्या पोराने बसवलंय ते."

हे वाक्य अख्ख्या गल्लीला पाठ होतं. पोरगा नोकरीसाठी दूर गेला, तरी त्याने मांडलेले कॉम्प्युटर छपाईवाले येईल त्या गिऱ्हाइकाला कौतुकाने दाखवायचे.

पोराचा फोन काही लागेना. शेवटी छपाईवाल्यांनी कळा दाबून चित्रांशिवाय नुसत्या अक्षरांचा साधा पडदा समोर आणला आणि काल जिच्यात घड्याळ घातलं होतं ती फाइल उघडली. कॉम्प्युटर सुरू झाला की कोणतं काम कोणत्या क्रमाने करायचं, ते तिच्यात ओळीओळीने लिहिलेलं होतं. आधी मराठी कळफलक, मग पडद्याचा रंग, आणि सगळ्यात शेवटी पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणारा मुख्य प्रोग्राम. सर्वांत वर मराठीत टीप होती. काल घाईत त्यांनी ती वाचलीच नव्हती.

'प्रत्येक कामाच्या ओळीच्या शेवटी & हे चिन्ह द्या. म्हणजे कॉम्प्युटर ते काम सुरू करून पुढे सरकतो. नाहीतर काम संपेपर्यंत तिथेच ठिय्या देतो. शेवटच्या ओळीला मात्र चिन्ह नको. आणि चष्मा लावा, अंदाजाने वाचू नका.'

त्यांनी निमूटपणे चष्मा लावला. घड्याळाच्या ओळीला चिन्ह नव्हतं. घड्याळ काही संपणारं काम नव्हे. कॉम्प्युटर बिचारा त्याच्यापाशीच अडकून बसला होता. त्यांनी तिन्ही मशीनवर चिन्ह टाकलं, ती बंद करून चालू केली, आणि पडदे पहिल्यासारखे उजळले.

मुख्याध्यापिकांना त्यांनी ती टीपसुद्धा दाखवली. "इतकं सोपं करून आमचे शिक्षकही सांगत नाहीत," त्या म्हणाल्या आणि काम तिथेच पक्कं करून गेल्या.

छपाईवाल्यांना आभाळ ठेंगणं झालं. "बघितलंस?" ते बायकोला म्हणाले. "माझा पोरगा! बापाला बरोबर ओळखून आहे लेकाचा."

बायकोने दातांनी दोरा तोडला आणि हसून मान डोलावली.

दुपारी एकदाचा फोन लागला. छपाईवाल्यांनी टिपेचं कौतुक सुरू केलं ते थांबायलाच तयार नव्हते.

"बाबा, ती टीप माझी नाही," शेवटी पोरगा त्यांना मध्येच तोडत म्हणाला. "मी बसवलेलं तर मी गेल्यावर आठवड्यातच बंद पडलं होतं. तुम्ही परगावी होतात. आईने ती फाइल अख्खी नव्याने लिहिली, आणि माझं काय चुकलं होतं ते मला फोनवर शिकवलं."