उष्टा घोट

स्पेनहून आलेल्या हाविएरनं, त्याच्या जन्मवर्षी आजोबांनी राखून ठेवलेली रेड वाइन उघडली, घोटभर पेल्यात ओतली आणि आधी स्वतःच चाखली.

"लेकीला मागणी घालायला आलाय, आणि आम्हाला उष्टं?" बायको माझ्या कानाशी फणफणली. नकार पक्का झाला म्हणायचा.

मृण्मयीनं ऐकलंच. "आई, इतकी जुनी वाइन बिघडलेलीही निघते. वाईट घोट वाढणाऱ्याच्याच वाट्याला यावा, म्हणून आधी चाखतात."

मग त्यानं सगळ्यांना दिली. मनुकांची चव होती. बायको पानं घ्यायला उठली.

जेवताना मात्र, वाढण्याआधी मीठसुद्धा न चाखणाऱ्या या बाईनं आमटीचा थेंब तळहातावर घेऊन चाटला.

"चांगली आहे. वाटी पुढे करा, जावईबापू."

मी त्या आजोबांना मनोमन हात जोडले आणि उरलेली बाटली माझ्याकडे ओढली.